अल्टरनेटर नवा टाकला तरी

११ नोव्हेंबर, मंगळवार

आणि वरून हे मलेच म्हणते, तू बसली की गाडी बंद पडते. मी काय इंजिनात जाऊन बसली होती? फाट्यावर गाडी थांबली, मागं कापूस वेचून थकलेल्या बाया. त्याइलेच खाली उतरवून धक्का माराले लावलं. शांताबाई म्हणे, "वैनी, उद्यापासून आमी पायीच येतो, लवकर पोचू." हसल्या साऱ्या. मले नाही हसू आलं.

दिवाळीत नवी बॅटरी टाकली. तिच्यावरचं हळदीकुंकू अजून गेलं नाही अन् ती बसली. मीटरमध्ये लाल दिवा जळत राहते, बॅटरीचं चित्र असते तो. ह्यांनी काय केलं तर त्याच्यावर काळी टेप चिकटवली. म्हणे डोळ्यात खुपते. मी आज नखानं काढून टाकली टेप. दिवा जळूनच राह्यला होता.

अंधार पडला की एकच रट. लाईट मंद आहे, लाईट मंद आहे. मग करा ना दुरुस्त. वैशू पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली. डिसेंबरच्या सुरुवातीले सांगतलं डॉक्टरीणबाईनं. यवतमाळले न्यायचं. हे म्हणते, रात्र असो का पहाट, माया पोरीले मीच नेईन. कशात न्याल? ह्या डब्यात?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घाटंजीले सलीमभाऊकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करते तो. मी मुद्दाम संगं गेली, नाहीतर हे चहा पिऊन वापस आले असते.

सलीमभाऊनं बॅटरीले मीटरच्या दोन वायरी लावल्या. गाडी बंद, काटा बारावर. गाडी चालू केली, तरी बारावरच. म्हणे, "भाभी, चालू गाडीत चौदाच्या जवळ गेला पाहिजे. बॅटरी म्हंजे रांजण. भरणारा नळच बंद हाय, रांजण कितीक पुरन?" तो नळ म्हणजे अल्टरनेटर. हे अजून डायनामोच म्हणते त्याले.

खोलला तर आत कापूस. खरंच कापूस. बायांच्या संगं बोंडाची गाठोडी आणतो, त्याची रुई उडते, इंजिनात जाते. त्याच्या जाळ्या पार गच्च. वरून तेलाचा चिखल. आतले कार्बन, वीज पोचवणारे तुकडे, झिजून नखाएवढे. बेरिंग हातानं फिरवलं तर दळणावानी आवाज.

हे म्हणे, नवे कार्बन टाकून दे, चालते. मी म्हटलं, चालते चालते म्हणूनच फाट्यावर थांबली. पुरा नवा टाका. पोर पोटुशी आहे घरात. सलीमभाऊ ह्यांच्याकडे पाहून हसला, "दादा, मालकिणीची ऑर्डर हाय." हे बाहेर जाऊन उभे राह्यले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बसवला. मी स्टुलावर बसून सारं पाहिलं. आधी बॅटरीची मायनसची वायर काढते, नाहीतर पान्यातून ठिणगी. मग पट्टा ढिला. मग नट. नवा चढवला की पट्टा ताणायचा. अंगठ्यानं दाबून पाहते, थोडासा दबला पाहिजे, लय ताणला तर बेरिंग पुन्हा जाते. भाकरीच्या पिठासारखंच काम आहे, हातालेच समजते.

काटा चौदाच्या वर गेला. लाल दिवा विझला. सलीमभाऊनं सांगतलं, इंजिनावर पाईपानं पाणी मारू नका. मारायचंच असलं तर ह्याच्यावर प्लास्टिकची पन्नी बांधा. महिन्यातून एकदा ब्रश घेऊन रुई काढा. हे "हौ, हौ" म्हणून राह्यले. दसऱ्याले ह्यांनीच विहिरीच्या मोटारीचा पाईप लावून आंघोळ घातली होती इंजिनाले.

दुकानाच्या भिंतीवर लाईट मारून पाहिली. चुन्यावानी पांढरी. भिंतीवरच्या भेगा मोजून घ्या. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रात्र लय झाली. तरी लिहून ठेवते.

वैशूची तपासणी होती यवतमाळले. सारं ठीक. निघता निघता दिवस बुडाला. मी म्हटलं चला. हे स्टँडजवळ गाडी लावून चहाले बसले. एक चहा झाला, दुसरा झाला. नजर सारखी स्टँडच्या गेटाकडे. घाटंजीची एस.टी. बाहेर निघाली तशी कप ठेवला अन् म्हणे, "बसा बसा, लवकर."

मग साऱ्या रस्त्यानं एस.टी.च्या मागं. एस.टी. थांबली की आपण थांबलो. एस.टी. निघाली की आपण निघालो. वै. म्हणे, "बाबा, मग आपण बसमधीच काहून नाही बसलो? माझं अर्धं तिकीट असतं." मी म्हटलं, काढा ना पुढं. तर म्हणे, "घाई कायची हाये? पोरगी जपून न्याची की नाही?" मले ते पटलं. काळजी घेऊन राह्यले म्हटलं.

पुढं एका फाट्यावर एस.टी. आत गावात वळली. आता आम्हीच. लाईट इतकी चांगली होती, मी मनात सलीमभाऊले दुवा देत होती. समोरून एक ट्रक आला, गेला. मग पुढं, आमच्याच बाजूनं चाललेली बैलगाडी. मले लांबूनच दिसली. गाडीच्या मागं एक पोरगी पाय सोडून बसली होती, तिच्या वेणीची लाल रिबन दिसली मले. मी वाट पाहून राह्यली की आता हे ब्रेक दाबतील. आता दाबतील. मग मी वरडली.

थांबली गाडी. पोरीनं पाय वर घेतले होते. हातभरच अंतर होतं. गाडीवानानं दिल्या शिव्या, त्या कमीच होत्या.

वै. दोन्ही हात पोटावर धरून बसली. गाव आल्यावर हे म्हणे, "लाईट मंद हाये अजून."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच सलीमभाऊशी भांडून आले. म्हणे, डुप्लिकेट माल टाकला, काढ वापस. दुपारी त्याचा मले फोन. "भाभी, मी तीनदा मीटर लावला. लाईट फुल हाय. मायाकडून काही राह्यलं असन तर मी बदलून देतो, पण दादाले तुमीच विचारा, नेमकं काय दिसत नाही."

नेमकं काय दिसत नाही. दिवसभर तेच डोक्यात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तांड्यावरचा गणपतभाऊ राठोड आला होता, त्याच्या गाडीचा जॅक न्यायले. ह्यांच्यासारखाच भाड्याची गाडी चालवते. हे वावरात होते. मी सहज एस.टी.चं सांगतलं, चहाचं. तो हसाले लागला. "वैनी, एस.टी. नसली की दादा माया मागं लागते. तू हो पुढं म्हणते, मी येतो सावकाश. पावसाळ्यापासून असंच हाये. मले वाटे, डिझल वाचवते."

मी हसली त्याच्यासंगं. तो गेल्यावर चूल तशीच राह्यली.

पावसाळ्यापासून. म्हणजे ह्यांना माहीत आहे. तेव्हा बॅटरी चांगली होती, दिवा लागत नव्हता. समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून धरून घरी येते हा माणूस, अन् आम्ही मागं बसून गप्पा मारतो. शांताबाई बसते. तिची सून बसते. लग्नाचे वऱ्हाडी बसते.

अल्टरनेटर खरंच गेला होता, हेच वाईट झालं. तो गेला नसता तर ह्यांना काही सांगाले राह्यलं नसतं. आता मशीन चांगलं झालं तर सलीमभाऊशीच भांडण.

लग्न झालं तेव्हापासून हा माणूस गाडीवर आहे. रस्त्यात माकडाचं पिल्लू आलं तरी मोठ्यांदा हसून बाजूनं काढे. डोळ्यात साखर उतरली का मोतीबिंदू आहे, मले काय समजते. दाखवल्याशिवाय कोणाले समजते?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. जेवायले बसले तेव्हाच, म्हणजे उठून जाता येत नाही.

"डोये दाखवाचे आहेत तुमाले."

"माये डोये? या रोडचा एक एक खड्डा पाठ हाये मले."

"खड्डा पाठ हाये. बैलगाडी कशी पाठ करता?"

भाकर खाली ठेवली. मले वाटलं ताट फेकते. नाही फेकलं. वरणाची वाटी बाजूले सरकवली. मग म्हणे, "समोरून लाईट आली का दूध सांडल्यावानी होते. सारं पांढरं. मग थोड्या वेळानं येते."

"थोड्या वेळात काय होते, माईत हाये ना?"

"मले शिकवू नको."

"मग दवाखान्यात चला."

"एक डाव दवाखान्यात गेलो का गावभर होईन. आंधळ्याच्या गाडीत कोण बसन? तू बसशीन?"

मी म्हटलं, मी बसली ना सोमवारी. पोरीले घेऊन बसली.

मग उठले. हात न धुता गेले अंगणात.

माया जिभेले हाड नाही, ते मले माहीत आहे. पण दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं सांगायचं, ते मले कोणी शिकवलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोलणं बंद. वै. मधून निरोप नेते. "बाबा विचारते, चहा आहे का." "सांग, आहे."

वै.नं मले विचारलं, "आई, बाबांना खरंच दिसत नाही का गं?" मी म्हटलं, दिवसा दिसते. ती म्हणे, "बाळ काय एस.टी.चा टाईम पाहून येईन?" अन् हसली. मग रडली. मी तिच्या पायाले तेल लावून दिलं.

ती म्हणे, गणपतकाकाले सांगून ठेव. मी पण तेच धरलं होतं मनात. पण ह्यांच्या मागून सांगितलं तर ह्यांचा जीवच जाईन. गाडी ह्यांची, पोरगी ह्यांची, अन् चाबी दुसऱ्याच्या हातात. हे ह्यांच्या तोंडून आलं पाहिजे. मी काढून घेतली तर ती चोरी होईन.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी पाहिलं तर बोनेट उघडं. जुना दात घासायचा ब्रश घेऊन अल्टरनेटरची जाळी साफ करून राह्यले. नव्यात कुठली आली एवढी रुई. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. तोंड पार आत घातलं होतं. जवळून सारं दिसते ह्यांना.

चहा घेऊन गेली. खूप दिवसांनी स्वतःहून बोलले, "चांगला हाये. सलीमनं चांगलाच टाकला."

मले वाटलं, झालं, मानलं. पण हे फडक्यानं हात पुसत राह्यले.

मग मीच बोलली. आवाज चढवला नाही. म्हटलं, यवतमाळच्या डोळ्याच्या डॉक्टराचं मी विचारून ठेवलं. सकाळच्या उजेडात जाऊ, गावात सांगू वै.च्या गोळ्या आणायले गेलो. ऑपरेशन म्हटलं तर करू, नाही म्हटलं तर चष्मा लावू. अन् दवाखान्यात पायच टाकायचा नसन, तर तुमच्या तोंडानं गणपतभाऊले सांगा, पोरीले तू ने म्हणून. दोनातलं एक. तिसरं मी ऐकणार नाही.

"पाहू," म्हणे.

पाहू नाही. पोरीचे दिवस भरत आले. गुरुवारी मले उत्तर पाहिजे. सत्तावीस तारीख. तुमी सांगा, हौ का नाही, पण तोंडानं सांगा, गप्प राह्यले तर मी ते उत्तर धरणार नाही. गुरुवारी, दिवस बुडायच्या आत.