तिसऱ्या तुळईचं टोक

४ मार्च

ती. बाबांना सा. न.

सुखरूप पोचले. काल घरी तुमच्यासमोर बसून जेवले, पण विचारता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या गावच्या सभागृहाचं छत मी लाकूड न फोडता तपासलं. तुळईत एका बाजूने आवाजाची लहर सोडली की धड लाकडातून ती झरकन जाते, कुजक्यातून रेंगाळते. तिसऱ्या तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला ती रेंगाळली. तिथे बारीक सुई घातली. वर बोटभर भक्कम फळी, आत पोकळ. फळी नंतर बसवलेली आहे. रेघेला रेघ अशी जुळवलेली, की सांधा दिसत नाही. असा हात मला एकच माहीत आहे.

मुलांचा नाचाचा वर्ग बंद करायला सांगून आले आहे. अहवाल द्यायचाच आहे. आधी तुमचं उत्तर हवं.

माया असू द्यावी.
तुमची मुलगी

७ मार्च

चि. मोजपट्टीस अ. आ.

सांधा माझाच. दुरुस्तीला आम्ही पाच-सहा सुतार होतो, पण ते टोक माझ्याकडे होतं. तेव्हाच्या व्यवस्थापकांना मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो, की लाकूड ठणठणीत आहे. उघडलं तर आत भुसा. शब्द मागे घेववेना. उद्घाटन झालं की गुपचूप बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं.

वर्गाच्या वेळी मी आजवर त्या तुळईखाली खुर्ची टाकून बसत आलो. आई म्हणते, म्हातारपणी नाचाचं वेड लागलंय. लाकूड कुरकुरलं तर पोरांना बाहेर काढता येईल, म्हणून कान वर लावून असायचो. कसला राखणदार, चोरच तो.

खरं ते लिही. माझं नाव नको म्हणणार होतो. तेवढ्यानेच मान खाली गेली.

तुझ्या मनातून उतरलो नसेन, तर दोन ओळी लिही.
बाबा

११ मार्च

ती. बाबांना सा. न.

अहवाल पाठवला. त्यात ‘पूर्वीची दुरुस्ती’ एवढंच लिहायची पद्धत आहे. ते लिहिताना मला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते.

नव्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. म्हणाले, फळी उघडायला तुमच्या वडिलांनाच बोलावतो. त्या वेळच्या सुतारांतला लबाड कोण, ते चुटकीसरशी ओळखतील. मी गप्प राहिले.

सोमवारी ते तुम्हाला बोलवायला घरी येतील. मीही येते. तुम्हीच सांगा, मी शेजारी बसेन. तुमचं सांगून झालं, की फोनवर मी गप्प का राहिले, ते मला त्यांना सांगायचं आहे.

रागावलात तरी चालेल, माझे म्हणत राहा.
तुमची मोजपट्टी