बिनशेंगदाण्याची पंगत

करिष्माताई,

काल लिंबागणेशच्या लग्नात सैपाक माझ्याकडं होता. नवरीला शेंगदाणा सोसत न्हाई, तुझ्यासारखाच तिचाही घसा सुजतो. मी म्हणलं, तिचं ताट वेगळं करतो. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "वेगळं कावून? सगळ्यांनाच बिनकुटाचं वाढा."

मी तेलसुद्धा करडईचं आणलं, कढया घासून घेतल्या. पंगत बसल्यावर सासूबाईंनी माइकवर कारण सांगितलं. मग एक आजोबा ओरडले, "वाढा की! सून जेवंल तेच आमी जेवू."

नवरी सगळ्यांच्या ओळीत बसून बिनघोर जेवली. मी वाढायचं विसरून बघतच राहिलो.

तू लग्नांना जायचं सोडलंस, म्हणून लिहायला बसलो. पण हे पत्र पोस्टात टाकत न्हाई, समक्षच सांगतो. पुढच्या लग्नाला तुला न्यायला मीच येतो.

तुझा,
बजरंग