वीतभर उंच

आई, गाडी अजून उंचच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच आशा नको. बाबा गेल्यावर त्यांची जीपगाडी मी चालवायला घेतली, तिच्या स्प्रिंगा उंच करून मोठे टायर चढवले, आणि तू माझ्याशी अबोला धरलास. त्याला इतकी वर्षं झाली की ज्या गॅरेजात ते काम केलं तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. तूही नाहीस. पण भांडण माझ्यापुरतं मिटलेलं नाही, कारण माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

जयनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तेव्हा उजाडायच्या आत दोन्ही शेगड्या पेटलेल्या असायच्या. बाबांच्या मागे तू डबे सुरू केलेस. पुण्या-नागपुराहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेली पोरं सांबाराला कंटाळली होती, तुझ्या चिंच-गुळाच्या आमटीवर जीव टाकायची. स्वयंपाक तुझा आणि गाडी माझी, अशी आपली वाटणी. रस्ता मात्र कुणाचाच नव्हता. आता लोक तिकडे पुलावरून भुर्रकन जातात. तेव्हा होसूर रोड सोडून पोरांच्या खोल्यांकडे वळलं की नुसती माती, ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि पाऊस झाला की त्यांचे ओढे. बाबांची गाडी मधल्या उंचवट्यावर पोटाने टेकायची. चाकं गरगर फिरताहेत, गाडी जागची हलत नाही, मागे आमटी निवते आहे. एकदा तर मी गाडीखाली आडवी होऊन हातांनी माती उकरली. पोरं उपाशी कामाला गेली आणि त्यातल्या काहींनी डबा बंद केला. तू म्हणालीस, "स्वल्प सावकाश चालवत जा." अगं, पोटाने टेकलेली गाडी सावकाश चालवून सुटत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

म्हणून गॅरेजात गेले. तिथल्या अण्णांनी आधी माझ्यामागे कोण आहे ते पाहिलं. "यजमानांना घेऊन या अक्का, मग बोलू." मी म्हटलं, "यजमान नाहीत. गाडी मी चालवते, चिखलात मीच रुतते. उंच करा." ते हसले. "सरी, करू या. किती?" मी वीत करून दाखवली. त्यांनी स्प्रिंगा उतरवल्या, त्यांच्या लोखंडी पट्ट्यांना नव्याने बाक दिला, प्रत्येक स्प्रिंगेत एक जाड पट्टी वाढवली, ब्रेकची नळी लांब केली आणि ट्रकला शोभतील असे टायर बसवले. "वळणावर जपून," एवढं बजावलं. घरी येताना सिग्नलला रिक्षावाले मान वर करून माझ्याकडे बघत होते. काय आनंद झाला होता मला! जन्मात पहिल्यांदा मी कुणाकडे तरी वरून बघत होते, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

तू फाटकात उभी होतीस, हाताला कणीक. गाडीभोवती एक फेरी मारलीस. "गाडी आहे का उंट?" इथवर मी हसत होते. मग तू बाजूच्या दाराशी आलीस. बाबा असताना तू तिथे कशी बसायचीस ते मला पाठ आहे: एका हातात निऱ्या, एक पाय आत, की बसलीस. बाबांनी आधाराला हात पुढे केलेला तुला खपायचा नाही. तोच पाय तू उचललास, आणि तो पोचला नाही. तो खाली ठेवून तू म्हणालीस, "ह्यांनी ठेवली होती तशी राहू द्यायची होतीस. ह्यांच्या गाडीत मला जागा होती. या गाडीत मी पाय ठेवणार नाही." "नको ठेवूस," मी म्हणाले, "डबे तर पोचतील." तू आत निघून गेलीस. गाडी पुन्हा खाली आण, एवढंच तुला माझ्याकडून हवं होतं. आणि तेवढंच मी करणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी चिखलातून मी अशी पार झाले की मागे वळूनही पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, कारण नव्या स्प्रिंगा कडक, गाडी दर खड्ड्याला उसळत होती, आणि आमटीचं पातेलं निम्मं सांडलं होतं. घरी आल्या आल्या मी गाडी धुवायला घेतली. चिंचेच्या वासावरून तू ओळखलंस. आता चांगलं ऐकवशील, असं वाटलं, पण तू एक अक्षर बोलली नाहीस. मात्र त्यानंतर आमटी घट्ट झाली. डाळ चुकून जास्त पडली असेल, असं मी धरून चालले. मग रस्सा जाऊन कोरड्या उसळी आल्या, कढी जाऊन पिठलं आलं. अबोला चालूच, पण पातेल्यात मात्र माझ्या स्प्रिंगांना सोसेल असंच काहीतरी. "ताई, आमटी एवढी घट्ट का हो?" पोरं विचारायची. आमच्याकडे अशीच करतात, मी ठोकून द्यायची.

मग आयुधपूजा आली. वाहनाची पूजा चुकवणं तुझ्याच्याने होण्यातलं नव्हतं. टायरांना हळद-कुंकू लावलंस, चाकांखाली लिंबं ठेवलीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एवढ्या चाकाला लिंबू कसलं, भोपळा हवा." कित्येक दिवसांनी ऐकलेला तुझा आवाज. दुसऱ्या दिवशी दसरा. घरापासून लांब राहणारी पोरं सणाला डब्यातलं जेवणार, हे तुला बघवेना. पुरणपोळी समोर बसून वाढायची, असा तू हट्ट धरलास. पण त्या रस्त्याला एकही रिक्षावाला यायला तयार होईना. मी गाडीत बसून वाट बघते आहे, आणि तू स्वयंपाकघरातले दोन पाट काखेत घेऊन येतेस. एक पाट जमिनीवर ठेवतेस, दुसरा आत सीटपुढे. पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर पाय टाकून बसतेस, दोन्ही पाय पाटावर, जुळवून. "मी गाडीत पाय ठेवलेला नाही," तू बजावतेस, "पाटावर ठेवलाय." हसू दाबता दाबता माझे डोळे भरून आले. ते तुला दिसू नये म्हणून मी जोरात गाडी काढली.

उंचवट्याशी आल्यावर तू वाकून खाली बघितलंस. "इथे अडकायची?" "इथेच." गाडी सरळ वरून निघून गेली. "हं," तू म्हणालीस. बस्स. तेवढ्यावरच मला समाधान मानावं लागलं. त्यानंतर गाडी खाली आण असं तू कधी म्हणाली नाहीस, आणि चांगली केलीस असंही नाही. शेवटपर्यंत पाटावरच पाय ठेवून बसलीस. मला ते एक वाक्य हवं होतं, आई. आजही हवं आहे. तू ते दिलं नाहीस, आणि त्याचा राग मी सोडणार नाही.

आता तिकडे सगळा डांबरी रस्ता आहे. ज्याला त्याला वाटतं की मी ही गाडी जरा खाली आणावी. नवा मेकॅनिक तर, जुन्या मापाच्या स्प्रिंगा मिळतात म्हणून मागेच लागलाय. मी नाही म्हणते. हे पत्रही कुठे जायचं नाही, गाडीच्या कप्प्यात पडून राहील. तरी एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तुला सांगते. तुझा एक पाट मी सीटमागे ठेवलाय. वयस्कर बायकांना चढायला लागतो, असं लोकांना सांगते. वयस्कर बायका कुणी येत नाहीत. आज सकाळीही मी इकडेतिकडे पाहून तो जमिनीवर ठेवला, त्यावरून चढले, आणि आत बसल्यावर वाकून वर ओढून घेतला. गाडी मात्र खाली आणणार नाही.