शुक्रवारची सवाष्ण

माउंट वेलिंग्टन, ऑकलंड
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. जगदीशचा खोकला आता कमी आहे, चिरागच्या परीक्षा चालू आहेत. पुण्याहून आईचा फोन होता. श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची पूजा तुझ्याकडे नीट झाली का, सवाष्ण कोण होती, पुरण कोणी घातलं, सगळं विचारत होती. मी हो हो म्हणत राहिले. पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही.

तू सँडरिंगहॅमला, मी इथे. गाडीने असं कितीसं अंतर? तरी लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवून मोकळा होशील. पत्र जगदीश तुमच्या पेटीत टाकेल. मला तुमच्या दारापर्यंत यायचं नाही.

तुझी लेक सानिका माझ्याकडे आहे. अभ्यासाला आलीय असं मी वहिनीला सांगितलंय. ते तितकंसं खरं नाही. पण आधी पुरणाचं बोलू.

वहिनीचा मनगटाचा त्रास वाढला म्हणून तू मला सकाळपासून बोलावून घेतलंस. आपल्या मुलांच्या भल्यासाठी असते ही पूजा, म्हणून मी दवाखान्यात सुट्टी टाकून आले. सवाष्ण म्हणून तू कोमांगला सांगितलंस, तेव्हा मला तुझं कौतुकच वाटलं. बालीची मुलगी, तीही हिंदू, इथे नवऱ्याशिवाय तिचं कोणी नाही, आणि दादा तिला ओटी भरायला घरी बोलावतो. आमच्या दादाचं मन मोठं, असं मी जगदीशला सांगितलंसुद्धा. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

ही कोमांग कोण, हे तुला मी सांगायला नको. डेनपासारला मुलांबरोबर कराटे शिकली. इंडोनेशियाच्या संघातून खेळून आग्नेय आशियाच्या स्पर्धेत पदक आणलं. मग गुडघा गेला, लग्न झालं आणि तिकडच्या लोकांनी तिचं नाव काढून टाकलं. इथे येऊन पहाटे सुपरमार्केटच्या बेकरीत पाव भाजायचा आणि संध्याकाळी तुझ्या क्लबमध्ये सराव, वर लहान मुलांना शिकवायचं. यंदा तिला इथलं नागरिकत्व मिळालं आणि न्यूझीलंडच्या संघासाठी उभं राहता आलं. वय चौतिशीचं. पुढच्या निवडीपर्यंत तो गुडघा टिकणार नाही, हे मी डॉक्टर म्हणून तिला सांगितलंय आणि तुलाही. पंचावन्न किलोच्या गटात जागा एकच. त्या जागेसाठी दोघीच होत्या, ती आणि सानिका. सानिकाचा तो सरळ ठोसा, ज्याची तू सगळीकडे टिमकी वाजवतोस, तो कोमांगनेच तिच्या हातात बसवलाय.

तर शुक्रवारी ती पाटावर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी निवड स्पर्धेचं वजन होतं. तिने पहिली पोळी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला. मी विसरून गेले होते तिचं वजनाचं. तू नव्हतास विसरला. तू म्हणालास की या वेळी किलोभर सवलत आहे, निवड समितीची ईमेल तुला आलीय, सवाष्णीने नाही म्हणायचं नसतं. तिने हात काढून घेतला. सेन्सेई, म्हणजे गुरू सांगतोय म्हटल्यावर ती कशाला शंका घेईल? मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, "अगं वाढ की तिला, लाजतेय ती." आणि मी वाढलं, दादा. तूप सोडलं. कटाची आमटी, पापड, लोणचं, वर परत अर्धी पोळी. आग्रह करून करून वाढलं. सानिका ताटावर आली नाही. पोट बिघडलंय म्हणालास.

शनिवारी स्पर्धेची डॉक्टर म्हणून मी वजनकाट्याच्या बाजूलाच बसले होते. सानिकाचं वजन झालं. कोमांग काट्यावर चढली आणि वजन घेणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. सवलतीचं विचारलं तर त्यांना काही माहीतच नव्हतं. वेळ संपायला थोडा अवकाश होता. ती अंगात प्लास्टिकचं जॅकेट घालून कार पार्कमध्ये त्या पावसात पळत सुटली. परत आली, चढली, उतरली, पुन्हा पळाली. तिसऱ्यांदाही भरलंच जास्त. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मी पाणी दिलं तर आधी घेईना.

मग ती तुझ्यासमोर आली आणि वाकून म्हणाली, "सॉरी, सेन्सेई. मी क्लबचं नाव घालवलं." तू तिच्या खांद्यावर थोपटलंस. म्हणालास, होतं असं, जेवणावर जरा ताबा हवा.

मला तिथे शिसारी आली. हा नुसता शब्द नाही. मी मागच्या टॉयलेटमध्ये जाऊन ओकले. मला वाटलं होतं तुझी काहीतरी गफलत झाली असेल, ईमेल नीट वाचली नसशील. पण थोपटणारा तो साळसूद हात पाहिला आणि समजलं. कोणी तुझ्यावर बोट ठेवू शकणार नाही अशी सोय केली होतीस. जेवायला घातलं म्हणून तक्रार कोण करणार? जिवतीपुढे दिवा लावून, माझ्या हातून हे करून घेतलंस. तेव्हापासून मला माझ्या हाताला तुपाचा वास येतोय. भांडी घासली, हात घासले, जात नाही.

आता जे इतका वेळ टाळत होते ते लिहिते. शनिवारीच संध्याकाळी सानिका निवड झाल्याचं जॅकेट हातात घेऊन माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "आत्या, बाबा प्लॅन्ड इट." शुक्रवारी दुपारीच तू तिला दोन उकडलेली अंडी खायला लावून खोलीत बसवलं होतंस. उद्या काट्यावर ग्रॅमचीही सवलत नाही, खाली येऊ नकोस, असं सांगून. कोमांगला तू वेगळंच सांगितलंस, हे तिला शनिवारी काट्याजवळ कळलं.

रविवारी मी कोमांगला घरी बोलावलं. सानिकाने तिला सगळं तोंडावर सांगितलं. सांगताना सानिकाला रडू आवरत नव्हतं. कोमांग रडली नाही. तिने सानिकाला विचारलं, "तू माझ्याशी लढशील?"

काल आम्ही तिघी समितीपुढे गेलो. मी जे वाढलं तेही सांगितलं. सानिकाने जॅकेट टेबलावर ठेवलं. आज त्यांचा निर्णय आला. येत्या रविवारी दोघींची एकच लढत, जिंकेल ती संघात जाईल. तुझ्याबद्दल क्लब तुला स्वतंत्र कळवेल, त्यात मी पडत नाही.

सानिका हरेल असं तुला वाटत होतं ना? मलाही वाटतं. तिलाही वाटतंय. तरी रोज सकाळी उठून ती सराव करतेय आणि माझ्याकडे पोटभर जेवतेय. वजनाचं ती तिचं बघते.

तिचा एक निरोप आहे. रविवारी मॅटच्या कडेला तिच्या बाजूची कोचची खुर्ची रिकामी ठेवायची, असं तिने समितीला लिहून दिलंय. तू हॉलमध्ये येऊ नकोस.

मृणालिनी