सासूबाईंचं शेवटचं पिंप

११ जानेवारी
उद्या टीव्हीवाले येणार! आपलं मुरवलेल्या माशांचं दुकान परदेशात दिसणार म्हणून माझा नवरा योशिताका हवेत आहे. सासरेबुवांनी तर सासूबाईंनी जाण्याआधी भरलेलं शेवटचं पिंप उघडलं — भातात मुरवलेला तळ्यातला मासा. मी म्हटलं, "बाबा, हे घरात ठेवू या." तर म्हणतात, "पाहुण्याला दुय्यम द्यायचं होय?"

१२ जानेवारी
मेला तो निवेदक! दारातच हात जोडून सतरांदा वाकला. असं इथे जपानात कोण करतं?

बाबांनी ताटली पुढे केली, रीतीप्रमाणे म्हणाले, "काही खास नाही हो, तुम्हाला वाढण्याजोगं नाही. गोड मानून घ्या." त्याने वास घेतला, कॅमेऱ्याकडे बघून डोळे फिरवले, तुकडा तोंडात टाकला आणि रुमालात थुंकला. त्यांची माणसं खो खो हसली.

मग त्यांचा दिग्दर्शक म्हणे, नीट दिसलं नाही, पुन्हा एकदा. पुन्हा थुंकला! तो दुसरा तुकडाही बाबांनीच कापून दिला. वर त्याचीच माफी मागितली. दुभाषी पोरगी नात्सुमी मान वर करीना.

१३ जानेवारी
बाबा जेवले नाहीत.

४ मार्च
नात्सुमीने कार्यक्रम पाठवला, पडद्यावर खाली त्यांच्या भाषेत काय लिहिलंय तेही कळवलं. बाबांच्या तोंडी घातलंय — 'हे खाण्याच्या लायकीचं नाही.' आणि तो खिदळतोय, "बघा, म्हातारा स्वतःच कबूल करतोय!" अरे मुडद्या, पाहुण्यासमोर आपल्याच वस्तूची बढाई कोण मारतं?

बाबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या सासूचं नाव घेतलं नाही, एवढं बरं झालं." मला रडूच फुटलं.

२२ मार्च
गिऱ्हाईक वाढलंय — नाक दाबून फोटो काढणारं! योशिताका खूश. "खप तर होतोय ना!" होतोय की. थुंकलेलं मी पुसते.

बाबांना म्हटलं, एप्रिलात मासा आला की मीठ भरायला मला शिकवा. आता ते फक्त त्यांनाच येतं. बाबा उठून आत निघून गेले.

१७ एप्रिल
निशिओ कोळी अंडी भरलेले मासे घेऊन दारात उभा. बाबा आतूनच म्हणाले, "परत पाठव. पिंपं विकली मी, लोकांना कुंड्या करायला."

मी सगळे मासे उतरवून घेतले. मीठ किती लागतं, मला ठाऊक नाही.