सोमालियाजवळचा बाण

छत्रीबाग, इंदूर
५ डिसेंबर

प्रिय संबोधी,

तुझं पत्र मिळालं. समुद्रात सोडायच्या यंत्रावर माझं नाव रंगवायची परवानगी मागतेस! आमच्या हिनं, रमानं, ते पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवलं, त्यामुळे सध्या मी गल्लीत उगाच छाती काढून हिंडतो. उत्तराला मात्र पंधरा दिवस लागले. हो म्हणावं की नाही, तेच ठरत नव्हतं.

आधी तुझ्या इथल्या व्याख्यानाबद्दल. मी मागच्या रांगेत होतो. एकतीस वर्षं मी समुद्रप्रवाह शिकवले, पण सगळे खडूचे. तुझं ते यंत्र दोन हजार मीटर खोल बुडी मारतं, दहा दिवसांनी वर येऊन पाण्याची ऊब नि खारेपणा उपग्रहाला कळवतं आणि पुन्हा बुडतं, हे ऐकून मी खुर्चीच्या काठावर आलो. अरबी समुद्र तापत चाललाय, ती उष्णता प्रवाह कुठे नेतात यावर आपल्या पावसाचंही पुष्कळ ठरतं, हे तू किती सहज आपल्या इथल्या सांवेरच्या शेतांतल्या सोयाबीनपर्यंत आणून ठेवलंस. शेजारचा शेतकरी मला म्हणाला, "भिया, ये तो अपने खेत की बात कर रही है." मी लगेच सांगून टाकलं, माझी विद्यार्थिनी आहे.

मग तू म्हणालीस, समुद्राचं वेड मला शरदसरांनी लावलं. टाळ्या पडल्या आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

नववीतला तो तास आठवतो? शाळेच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला नकाशा, त्यात सोमालियाच्या किनाऱ्यालगत वर जाणारा एकच बाण. तू उठून म्हणालीस, "सर, हा तर ठंडीत उलटा वाहतो ना?" आणि तुझ्या आजोबांनी, शंकररावांनी, महूच्या रद्दीवाल्याकडून आणलेला ॲटलस पुढे केलास. पलटणीतून रिटायर झालेला माणूस नातीसाठी रद्दीत ॲटलस हुडकतो, याचं कौतुक करायचं सोडून मी म्हणालो, रद्दीतली पुस्तकं वाचून कुणी विद्वान होत नाही. वर्ग हसला. तू खाली बसलीस.

घरी येऊन मी माझा ॲटलस उघडला. जुलैचं पान वेगळं, जानेवारीचं वेगळं. वारे फिरले की तिथला प्रवाहही फिरतो. तू बरोबर होतीस. दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते मी निवृत्त होईपर्यंत सांगितलं नाही. आणि आमच्या छत्रीबागेतल्या, आमच्या जातीतल्याच एखाद्या मुलानं तेच विचारलं असतं, तर मी तसं बोललो असतो का? नसतो बोललो. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

तू ते विसरलीस की मोठ्या मनानं गिळलंस, मला ठाऊक नाही. पण तू नेमकी त्याच पाण्याच्या मागे लागलीस, जहाजावर महिनेच्या महिने काढलेस. बाई, तुझ्या चिकाटीपुढे मी हात टेकले!

गेल्या मंगळवारी शाळेत गेलो. नकाशा अजून आहे. तुझ्या वर्गातला मुकुल आता तिथे हेडमास्तर आहे, त्याच्याकडून स्टूल नि रंग मागून घेतला. नववीच्या मुलांसमोर दुसरा बाण काढला, खाली जाणारा, आणि ही चूक कुणी दाखवली होती ते तुझ्या नावासकट सांगितलं. बाण जरा वाकडा आलाय.

आता परवानगीचं. जानेवारीत तुझं यंत्र त्याच सोमालियाच्या पाण्यात उतरणार, म्हणजे पाणी उलटं वाहत असताना. त्यावर माझं नाव नको. शंकरराव आज असते तर महूला त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली असती. ते राहून गेलं. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, पोरी. यंत्रावर त्यांचं नाव घाल.

तुझाच,
भूगोलवाला शरदसर