नऊ फेरे, मग विसावा

प्रिय धाकट्या,

शनिवारी बाबांचं घर पाडायला घेताय, हे तुझ्या बायकोकडून कळलं. पाडा. मी आडवी येणार नाही. फोनवर तू माझं धड ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र रिक्षावाल्याच्या हाती पाठवते आहे. तोंड न फुगवता शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या खोलीत माझा दिवा अजून टांगलेला आहे. वीज नसलेल्या घरांसाठी आम्ही बनवतो तो, हँडल फिरवून लागणारा. पहिला नमुना मी बाबांनाच दिला होता. ताईने म्हाताऱ्याला कामाला जुंपलं, म्हणून तू किती चिडवायचास! चाचणीच्या दिव्यांत एक चिप असते. कधी, किती फेरे दिले ते वर्कशॉपातल्या कॉम्प्युटरवर येतं. बाबांची नोंद मी शंभरांत ओळखेन. नऊ फेरे, थोडा विसावा, पुन्हा नऊ. जन्मभर हाताने शिलाई मशीन चालवून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता.

बाबांना जाऊन पाच महिने झाले आणि नोंद अजून येते. रोज दिवेलागणीला, नऊ आणि नऊ.

आधी वाटलं, चिप बिघडली. पण हँडल फिरल्याशिवाय चिपलाच वीज मिळत नाही. मग तुझा संशय आला. किल्ली तुझ्याकडे, आणि बाबांची नक्कल करण्यात तुझा हात कोण धरणार! शेवटी रविवारी मी स्वतः गेले. कुलूप गंजलेलं होतं. खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहिले. हँडलवर धूळ होती, बोटाचा एक ठसा नाही. ते जराही हललं नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत दिवा हळूहळू लागला. मागे वळून न बघता मी स्टँड गाठला.

आता तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते. हँडल जड जातंय गं, असं बाबा मला तीनदा म्हणाले होते. हलका गिअर घातला तर दिवा महागला असता, म्हणून मी त्यांना सवय होईल म्हणाले. तू दार उघडलंस तेव्हा ते अंधारात जिन्याखाली पडलेले होते. दिवा का लावला नसेल, असं तू मला विचारलंस आणि मी म्हटलं, विसरले असतील. ते विसरले नव्हते, रे. त्या संध्याकाळच्या नोंदीत चार फेरे आहेत. पुढे काही नाही.

या सोमवारी आठ आले. मंगळवारी सात, काल सहा, आज पाच. त्यांचा हात दमत चालला आहे. हलका गिअर मी बनवून ठेवलाय, बसवायला दहा मिनिटं लागतात. शनिवारी भिंती खुशाल पाड, पण उद्या अंधार पडायच्या आत किल्ली घेऊन तिथे ये. मला एकटीला आत जायचा धीर होत नाही, आणि ते चार फेरे मला पुन्हा बघवणार नाहीत.

तुझीच,
ताई